सातच्या बटणाचा दोष

डाळजच्या चारीत पाणी थांबले ते माझ्यामुळे. हे एक वाक्य मी इतकी वर्षे मनात लिहीत आणि खोडत आलो. त्या चुकीचा ठपका मारुती सोनवणे यांच्यावर, म्हणजे आम्हा सर्वांच्या तात्यांवर आला, आणि तो त्यांच्यावर जावा अशी सोय मीच करून ठेवली होती. तात्यांना जाऊन आता दीड महिना होईल. त्यांच्या मुलीचा, सुजाताचा, सकाळी इंदापूरला माझ्या घरी फोन आला. "काका, तात्या गेले," एवढेच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर माझ्या मनात सर्वांत आधी जे आले ते दुःख नव्हते. 'सांगायचे राहून गेले', हे आले. आणि त्याच्या पाठोपाठ, मला आजही लाज वाटते, 'आता सांगायची गरज उरली नाही', हेही आले. त्या दुसऱ्या विचाराने मला जी क्षणभराची सुटका वाटली, तिच्यामुळेच हा लेख मला लिहावा लागतो आहे.

बारामतीत एका साहेबांचे जमिनीच्या मोजणीचे आणि नकाशांचे खाजगी कार्यालय होते. दोन खोल्या, चार टेबले, कोपऱ्यात मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई. मी तिथे पदवी घेऊन लागलो. तात्या माझ्याआधी दहा वर्षे, जुनी अकरावी करून, मोजणीची पट्टी धरणारे म्हणून लागले होते. जळोचीचे राहणारे. सत्तावन्न साली त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा आपण शाळेत होतो आणि त्या दिवसापासून वडिलांनी घरातल्या प्रत्येकाला सही करायला शिकवली, असे ते सांगत. पट्टी धरता धरता त्यांनी दुर्बीण शिकून घेतली आणि दुर्बिणीवरून ते हिशेबाच्या टेबलाशी आले. तिथे त्यांना तो कॅल्क्युलेटर भेटला.

साहेबांच्या मुंबईच्या मित्राने वापरून दिलेला तो कॅल्क्युलेटर आमच्याकडे आला तेव्हाच जुना झालेला होता. हातात जड, आकडे लाल, बॅटरी निकामी झाल्यामुळे सदा वायरीने भिंतीला बांधलेला. पण त्याला आज्ञावली शिकवता येत असे. एकदा शिकवलेली रीत बोटाएवढ्या चुंबकीय पट्टीवर उतरवून ठेवायची आणि हवी तेव्हा पुन्हा आत सरकवायची. सोबतचे जाडजूड पुस्तक इंग्रजीत होते. तात्या शब्दकोश शेजारी घेऊन जेवणाच्या सुट्टीत ते वाचत. दोन वर्षांनी त्यांनी चारीच्या उंचसखलपणाचा सगळा हिशेब त्या यंत्राला शिकवला. मोजणीच्या पट्टीवर वाचलेले आकडे क्रमाने दाबत गेले की प्रत्येक जागेची उंची आपोआप समोर येई. साहेबांनी त्या दिवशी सर्वांना भेळ दिली होती. पुढे जळोचीत कुणाच्या घराचा पाया असो, भावाभावांतली वाटणी असो, लोक मापे कागदावर लिहून तात्यांकडे आणू लागले. "तात्यांनी दाबून बघितलं का?" असे एकमेकांना विचारत. तात्यांनी दाबून पाहिले असेल तर वाद मिटे.

कामाची आमची एक पद्धत होती. एकाने फील्ड बुकातला, म्हणजे मोजणीच्या वहीतला आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तो दाबायचा. दाबणाऱ्याने वहीकडे पाहायचे नाही, कारण दोन ठिकाणी नजर गेली की चूक होते, असे तात्यांचे म्हणणे. त्यांनी आणखी दोन नियम घातले होते. दाबणाऱ्याने दाबण्याआधी आकडा परत म्हणायचा, आणि तो बरोबर ऐकू आला की वाचणाऱ्याने त्या ओळीवर पेन्सिलीने टीक मारायची. या नियमांनी काम सावकाश होई, पण आमच्या कार्यालयातून चुकीची उंची कधी बाहेर गेली नव्हती.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात डाळज गावच्या चारीचे, म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या फाट्याचे काम आले. मोजणी मी केली होती, वही माझ्या अक्षरातली. ओळी तीनशेच्या वर. साहेबांना आराखडा दोन दिवसांत हवा होता आणि मला त्या दुपारी इंदापूरच्या बसने सासरी एका साखरपुड्याला जायचे होते. शंभरेक ओळी झाल्यावर मी म्हणालो, "तात्या, आज परत म्हणू नका हो. तुमचं माझं काय नवं आहे का? बस चुकेल माझी."

तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "तुमी म्हणता तर म्हणत न्हाय. पण टीक मारताय न्हवं?"

"मारतोय," मी म्हणालो. मारत नव्हतो. काम संपल्यावर सगळ्या टिका मी एका दमात मारल्या आणि बस गाठली. शेवटच्या खुणेपासून उलट मोजत येऊन पडताळा घ्यायचा असतो. तो साहेबांनी घाईपोटी पुढच्या फेरीवर ढकलला होता.

तीन आठवड्यांनी चारी खणून झाली, पाणी सोडले, आणि पाणी मधल्या टप्प्यात जाऊन बसले. पुढच्या शेतांकडे सरकेना. साहेब, तात्या आणि मी जीपने डाळजला गेलो. चारीच्या काठावर गावातले एक वयस्क शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणत, धोतर खोचून उभे होते. साचलेल्या पाण्यात काडी टाकून ते तिच्याकडे पाहत होते. काडी जागची हलत नव्हती. ते तात्यांना म्हणाले, "सोनवणेराव, तुमचा कागुद लई झ्याक हाय. पर पान्याला वाचता येत न्हाय त्यो."

लोक हसले. तात्याही हसले, पण त्यांनी लगेच वही मागितली आणि तिथेच बांधावर बसून हाताने हिशेब करायला घेतला. तासाभराने त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. तिथून पुढच्या साऱ्या उंच्या बरोबर सात सेंटिमीटरने चुकल्या होत्या. वहीत दोन दशांश एक सात शून्य होते. हिशेबात दोन दशांश एक शून्य शून्य धरले गेले होते. चारी तिथून पुढे, जुन्या चारीला मिळेपर्यंत, तेवढी जास्त खोल गेली, जुन्या चारीचा तळ वर राहिला आणि पाणी त्या खोलीत उतरून बसले. मी ओणवून ती ओळ पाहिली. तिच्या लगेच खालच्या ओळीत, माझ्याच अक्षरात, दोन दशांश एक शून्य शून्य लिहिलेले होते. मला आठवले... तो आकडा मी लागोपाठ दोनदा वाचला होता, आणि दुसऱ्यांदा वाचताना, असे कसे, असे मनात येऊनही गेले होते. माझी नजर एक ओळ खाली घसरली होती.

"देशपांडे, तुमी काय वाचलं हुतं?" तात्यांनी विचारले. त्यात आरोप नव्हता. ते फक्त दोष शोधत होते.

"सात वाचला होता मी. ही बघा टीक," मी म्हणालो. साहेब आमच्याकडे पाहत होते, म्हणून पुढचे वाक्यही तोंडातून गेले. "सातचं बटण लागलं नसेल तात्या. मागेही एकदा मला तसं वाटलं होतं."

मला तसे कधीही वाटले नव्हते.

साहेबांनी मान डोलावली. माझा शब्द इतक्या सहजपणे का मानला गेला, याचा विचार मी तेव्हा केला नाही. नंतर पुष्कळ केला. मी पदवीधर होतो, देशपांडे होतो, आणि तात्या पट्टी धरण्यापासून वर आलेले होते. कोणीही तसे बोलले नाही. बोलावे लागलेच नाही. मजूर लावून चारी पुन्हा भरून घेतली, पाणी पुढे गेले, आणि साहेबांच्या लेखी प्रकरण संपले. तात्यांच्या लेखी ते तिथून सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी तात्या शंभर पानी वही घेऊन आले. कार्यालय उघडण्याआधी अर्धा तास येऊन ते सातचे बटण तपासू लागले. दहा वेळा दाबायचे, पडद्यावर दहा सात उमटले की पुसायचे, पुन्हा दहा. असे दहा वेळा. मग वहीत लिहायचे, शंभरपैकी शंभर. सकाळच्या गारव्यात दाबून पाहिले, दुपारी पत्रा तापल्यावर पाहिले. बटणाच्या मध्यावर, चारही कोपऱ्यांवर, हळू, जोरात, घामेजल्या बोटाने. त्याच रांगेतले आठ आणि नऊ, त्याच उभ्या ओळीतले चार आणि एक, तीही तपासली. "रांगंतली बाकीची नीट चालत्यात, म्हंजी वायरीचा दोष न्हाय," ते मला समजावत. "असला तर ह्या एकाच बटणाखाली हाय." मी शेजारच्या टेबलावर नकाशा गिरवत असे. त्या बटणाचा बारीक टकटक आवाज आणि मधूनच त्यांचे "शंभरपैकी शंभर"... माझ्याकडे एकच वाक्य होते, आणि ते उच्चारले असते तर तो आवाज थांबला असता. मी रोज ठरवत असे की आज तात्या कंटाळतील. दोष नसलेल्या जागी दोष शोधताना माणूस कधी ना कधी थांबेलच, असे मला वाटे. तात्या थांबणारे नव्हते. माझ्या शब्दावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

मग ते यंत्र घेऊन स्टँडजवळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. मीही सोबत गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येत नाही. बहुधा तो काही सापडल्याचे सांगेल आणि माझे खोटे खरे ठरेल या आशेने. त्याने मागचे झाकण उघडले, भिंगातून पाहिले, सातखालची बारीकशी धातूची चकती चिमट्याने दाबून बघितली. चकती लखलखीत होती.

"तात्या, ह्या बटणाला काय बी झालं न्हाय," तो झाकण लावत म्हणाला. "बटण ठीक हाय. तुमालाच चाळा लागल्याला दिसतोय त्याचा."

"आरं, पण सात गेला कुठं मग?" तात्या म्हणाले.

"मला काय इचारता? ज्यानं दाबला त्याला इचारा."

तो विनोदाने म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या पुन्हा त्या बटणाशी बसले.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी त्यांची तपासणी चालू असताना मी त्यांना विचारले की वालचंदनगरच्या नकाशाचा कागद कुठे ठेवला आहे. त्यांनी दाबता दाबताच मान वळवून कपाटाकडे खूण केली. मग पडद्याकडे पाहिले आणि ते ताडकन उभे राहिले. दहा वेळा दाबून नऊच सात उमटले होते. "घावला!" ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मलाही क्षणभर आनंद झाला. पण तात्या तिथे थांबले नाहीत. शिस्तीचा माणूस तिथे थांबत नाही. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने तेच बटण दाबायला घेतले. तीन दिवस, डाव्या हाताने, हजार वेळा. एकही सात सुटला नाही. मला दाबायला लावले. माझाही सुटला नाही. तेव्हा ते खुर्चीत मागे टेकून आपल्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"दोष बटणात न्हाय, देशपांडे," ते म्हणाले. "माझ्या बोटात हाय. कवातरी दाब कमी पडतोय, आन मला कळत न्हाय. कळत न्हाय हे वाईट."

त्यांची रीत निर्दोष होती. एकेक कारण वगळत जायचे आणि जे उरेल ते मानायचे. त्यांनी सगळी कारणे वगळली. मला वगळायला हवे की नको, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. मी तोंड उघडले होते, हे मला पक्के आठवते. "तात्या, एखाद्या वेळी होतं हो असं," एवढेच बोललो.

त्याच दुपारी त्यांनी साहेबांना जाऊन सांगितले की हिशेबाचे काम दुसऱ्याला द्यावे. दुसरा म्हणजे मीच होतो. टेबल, कॅल्क्युलेटर आणि त्यांनी तयार केलेल्या चुंबकीय पट्ट्यांचा डबा माझ्याकडे आला. तात्या नकाशे गिरवण्याच्या टेबलावर गेले. आम्ही दुपारचे डबे पूर्वीसारखेच एकत्र खात होतो, त्यांच्या घरी सणासमारंभाला मी जात होतो, सुजाताच्या शिक्षिकेच्या नोकरीसाठी अर्ज मीच लिहून दिला. सगळे तसेच होते असे म्हणता येईल, पण जळोचीतून कोणी मापे घेऊन आला की तात्या त्याला म्हणत, "देशपांड्यांकडं जा. माझं आता धरू नका." आणि लोक खरोखरच माझ्याकडे येऊ लागले. हळूहळू तात्या वाण्याकडच्या हिशेबाचे कामही सुजातावर सोपवू लागले. वहिनी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, एकदा मला म्हणाल्या, "भावजी, हे आता दाराची कडीबी दोनदा बघत्यात. असं न्हवतं ओ यांचं." मी चहा पिऊन उठलो.

पुढे कार्यालयात संगणक आला आणि मी इंदापूरला स्वतःचे काम सुरू केले. निघताना साहेब म्हणाले, तो जुना कॅल्क्युलेटर तात्यांना द्यावा. तात्यांनी हात मागे घेतला. "तुमी न्या. तुमचा हात बसलाय त्यावर." तो आजही माझ्या कपाटात आहे.

आमची शेवटची भेट त्यांच्या जळोचीच्या घरी झाली. हृदयाचे दुखणे होते, इस्पितळातून नुकतेच आणले होते. मी या वेळी सांगायचे ठरवून गेलो होतो. वाक्येही जुळवली होती. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. सुजाता शाळेत होती. याहून चांगली वेळ नव्हती. तेवढ्यात तात्यांनी उशीखालून औषधांची पुडी काढली आणि माझ्यापुढे धरली. "जरा मोजून द्या, देशपांडे. आठवड्याच्या एकवीस पायजेत. मी मोजल्या, पर माझ्या मोजण्याचं काय खरं न्हाय." मी गोळ्या चादरीवर ओतल्या आणि मोजल्या. एकवीस होत्या. "बरोबर आहेत," मी म्हणालो. ते हसून म्हणाले, "आता झोप लागंल." ...त्यानंतर मला बोलणे शक्य झाले नाही. नाही, हेही खरे नाही. शक्य होते, मी बोललो नाही.

तात्या गेल्यावर पाचव्या दिवशी मी पुन्हा त्या घरी गेलो तेव्हा सुजाताने ट्रंकेतून एक वही आणून माझ्या हातात ठेवली. "काका, हे काय आहे? पानापानावर नुसता सात आणि खाली शंभरपैकी शंभर. तात्यांना विचारायचं राहिलं." मी पाने उलटली. तारखा, वेळ, उजवा हात, डावा हात, हवा कशी होती तेसुद्धा. शेवटच्या पानावर एकच ओळ होती, 'दोष माझ्या बोटात. काम सोडले.' खाली सही. वडिलांनी शिकवलेली, ठसठशीत. "एका बटणाची तपासणी होती," मी तिला म्हणालो आणि वही परत दिली. म्हणजे तात्या गेल्यानंतरही मी एकदा खोटे बोललो.

पुढच्या रविवारी विहारासमोरच्या मांडवात जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. त्रिशरण-पंचशील झाले. मग नेहमीप्रमाणे परिचितांनी चार शब्द बोलायचे होते. साहेब माझ्याआधी उठले. त्यांचे वय झाले आहे, आवाज कापतो. ते म्हणाले, "आजच्या काळात कोण पुढं येऊन म्हणतं हो, की चूक माझी? सोनवण्यांनी म्हटलं. डाळजच्या कामात चूक झाली, सगळे यंत्राला दोष देत होते. या माणसानं महिनाभर शोध घेतला आणि मला येऊन सांगितलं, साहेब, चूक माझ्या बोटाची आहे, मला हिशेबाच्या कामावरून काढा. असा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही." मांडवात लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेत वहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या, आणि त्या रडण्यात अभिमान होता. सुजाताच्या मांडीवर ती वही होती. तिला आता वहीचा अर्थ लागला होता, आणि तो चुकीचा होता. तात्यांची जी आठवण त्या घरात राहायची होती ती माझ्या खोट्यावर उभी राहणार होती, आणि ती किती सुंदर दिसत होती...

माझे नाव पुकारले गेले. खिशात मी लिहून नेलेला कागद होता. मनमिळाऊ, कष्टाळू असे सगळे शब्द त्यात होते. तो मी काढला नाही. ध्वनिक्षेपकासमोर जाऊन उभा राहिलो. तात्यांच्या तसबिरीकडे पाहण्याचे धाडस झाले नाही, म्हणून आधी वहिनींकडे पाहिले. जे बोललो ते जसेच्या तसे इथे लिहितो.

"वहिनी, सुजाता, साहेबांनी आत्ता सांगितली ती गोष्ट खरी नाही. साहेबांना ती खरी वाटते, कारण मी तशी सांगितली. तात्यांच्या बोटात काही दोष नव्हता. बटणातही नव्हता. डाळजच्या वहीतली ओळ मी चुकीची वाचली. आकडा परत म्हणू नका, असं मीच त्यांना सांगितलं होतं. टिका मी मागाहून मारल्या, आणि अंगावर येतंय असं दिसल्यावर बटणाचं नाव पुढं केलं. ते महिनाभर दोष शोधत होते, मी शेजारी बसून बघत होतो. त्यांनी काम सोडलं, ते मी घेतलं. सुजाता, त्या वहीतली शेवटची ओळ खरी नाही. तिच्याखाली माझी सही पाहिजे होती. तात्या, तुमचा हिशेब कधीच चुकला नव्हता. मी खोटं बोललो. मला माफ करा."